मनोशारीरिक आंतरक्रिया विश्लेषण

मनोशारीरिक आंतरक्रिया विश्लेषण ही मेंदूच्या कार्यदर्शी प्रतिमांच्या अभ्यासातील एक संख्याशास्त्रीय पद्धत आहे. एखादे विशिष्ट काम चालू असताना मेंदूच्या दोन भागांमधील संबंध बदलतो का, आणि बदलत असल्यास किती, हे पाहण्यासाठी ती वापरली जाते. इंग्रजीतील ‘सायकोफिजिऑलॉजिकल इंटरॅक्शन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘पीपीआय’ या नावानेही ओळखली जाते. नावातील ‘मनो’ हा अंश प्रयोगात दिलेल्या कामाचा, म्हणजे मानसिक स्थितीचा निर्देश करतो. ‘शारीरिक’ हा अंश मेंदूच्या निवडलेल्या भागात मोजलेल्या क्रियेचा, तर ‘आंतरक्रिया’ हा शब्द या दोहोंच्या गुणाकारातून मिळणाऱ्या राशीचा निर्देश करतो. ही पद्धत कार्ल फ्रिस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात मांडली.

दोन भाग एकाच वेळी सक्रिय दिसणे, त्यांच्या क्रियांमध्ये सहसंबंध असणे, कामानुसार तो संबंध बदलणे आणि एकाने दुसऱ्यावर प्रभाव टाकणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पीपीआय ही यांपैकी तिसरी गोष्ट तपासते. चौथी गोष्ट तिच्याने सिद्ध होत नाही.

पार्श्वभूमी

मेंदूच्या एखाद्या भागातील चेतापेशी अधिक काम करू लागल्या की त्या भागाकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हीमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म भिन्न असतात, हे लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. या फरकाचा उपयोग करून जिवंत मेंदूतील रक्ताच्या ऑक्सिजन-पातळीतील बदल चुंबकीय अनुस्पंदन यंत्राने टिपता येतात, हे सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यानंतर दोन वर्षांत मानवी मेंदूवर असे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि ‘एफएमआरआय’ हे तंत्र रूढ झाले.

एफएमआरआय चेतापेशींची क्रिया थेट मोजत नाही; ती रक्तपुरवठ्यातील बदल मोजते. चेतापेशींची क्रिया सेकंदाच्या अल्पांशात घडते, परंतु रक्ताचा प्रतिसाद शिखरावर पोहोचण्यास साधारण ५ ते ६ सेकंद लागतात आणि तो ओसरण्यास आणखी वेळ जातो. संपूर्ण मेंदूची एक प्रतिमा सहसा सुमारे दोन सेकंदांत घेतली जाते. प्रत्येक प्रतिमा सुमारे ३ मिलिमीटर बाजूच्या हजारो लहान घनांमध्ये विभागलेली असते. या घनाला व्हॉक्सेल म्हणतात. प्रयोगाच्या अखेरीस प्रत्येक व्हॉक्सेलसाठी कालक्रमाने मांडलेली आकड्यांची एक मालिका मिळते. पुढील सर्व विश्लेषण या मालिकांवर आधारलेले असते.

सुरुवातीच्या काळातील बहुतेक अभ्यास ‘कोणत्या कामात कोणता भाग सक्रिय होतो’ या प्रश्नाभोवती फिरत होते. मात्र वाचन, स्मरण किंवा भावनांवर नियंत्रण यांसारखी कामे एकच भाग पार पाडत नाही. अनेक भाग मिळून ती पार पाडतात. त्यामुळे भागांच्या परस्परसंबंधांचा, म्हणजे संयोजकतेचा अभ्यास आवश्यक ठरला.

संयोजकतेचे प्रकार

मेंदूतील संयोजकतेचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात.

रचनात्मक संयोजकता: दोन भागांना जोडणारे चेतातंतूंचे प्रत्यक्ष जाळे.

कार्यात्मक संयोजकता: दोन भागांतील क्रियांच्या चढउतारांमध्ये आढळणारा सांख्यिकीय सहसंबंध. भरत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे दाखवले की, व्यक्ती कोणतेही काम करत नसतानाही हालचालींशी संबंधित डाव्या व उजव्या भागांतील चढउतार परस्परांशी जुळतात. विश्रांती-अवस्थेतील संयोजकतेच्या अभ्यासाचा प्रारंभ येथून मानला जातो.

प्रभावी संयोजकता: एका भागाने दुसऱ्या भागावर टाकलेला प्रभाव.

पीपीआय या वर्गीकरणात दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराच्या सीमेवर आहे. १९९७ च्या मांडणीत ती प्रभावी संयोजकतेचे एक साधे प्रतिमान म्हणून मांडली गेली; तथापि तिची गणना सहसंबंधावरच उभी असल्याने प्रभावाची दिशा तिच्यातून निश्चित होत नाही.

मूळ कल्पना

ही कल्पना दोन विहिरींच्या उदाहरणाने स्पष्ट करता येते. पावसाळ्यात एका गावातील दोन विहिरींची पातळी एकाच वेळी वाढते. एवढ्यावरून त्या विहिरी आतून जोडलेल्या आहेत असे म्हणता येत नाही, कारण पाऊस हे दोहोंचे समान कारण आहे. त्यासाठी प्रथम पावसाचा वाटा वेगळा काढावा लागतो. त्यानंतरही पहिल्या विहिरीतील चढउतार दुसरीत उमटत असतील, तर दोहोंत काही संबंध असल्याचा संशय घेता येतो. हा संबंध उपशाच्या दिवसांत अधिक घट्ट आणि इतर दिवशी सैल होत असेल, तर तो परिस्थितीनुसार बदलणारा संबंध ठरतो.

मेंदूच्या प्रयोगात पावसाची जागा दिलेले काम घेते. डोळ्यांसमोर शब्द आला की दृष्टीशी संबंधित भाग आणि भाषेशी संबंधित भाग दोन्ही सक्रिय होतात. त्यांच्या मालिका केवळ या समान कारणामुळेही जुळू शकतात. म्हणून पीपीआयमध्ये कामाचा स्वतंत्र परिणाम आणि निवडलेल्या भागाचा स्वतंत्र परिणाम हे दोन्ही हिशेबात घेऊन मगच उरलेल्या आंतरक्रियेची चाचणी केली जाते.

गणिती मांडणी

पीपीआय ही सामान्य रेषीय प्रतिमानाच्या चौकटीत मांडली जाते. तिचे मूळ समीकरण पुढीलप्रमाणे लिहिता येते.

य = अ + ब·क + प·स + म·(क × स) + त्रुटी

येथे ‘य’ ही तपासल्या जाणाऱ्या व्हॉक्सेलची मालिका, ‘क’ हा कामाची स्थिती दर्शवणारा चल आणि ‘स’ ही निवडलेल्या भागाची मालिका आहे. या निवडलेल्या भागाला बीजक्षेत्र म्हणतात. ‘क × स’ ही आंतरक्रियेची राशी असून तिचा गुणांक ‘म’ हाच या विश्लेषणाचा विषय असतो. ‘अ’ हा स्थिरांक आहे.

समजा, पहिल्या कामासाठी ‘क’ चे मूल्य +१ व दुसऱ्यासाठी −१ ठेवले. बीजक्षेत्र व व्हॉक्सेल यांच्या संबंधाचा चढ पहिल्या कामात ‘प + म’ आणि दुसऱ्यात ‘प − म’ इतका येतो. केवळ स्पष्टीकरणासाठी ‘प’ ०.५ व ‘म’ ०.२ मानल्यास हे चढ अनुक्रमे ०.७ व ०.३ होतील. ‘म’ शून्य असल्यास दोन्ही कामांत चढ सारखाच राहतो. मग ते दोन भाग कितीही सक्रिय असोत, त्यांच्यातील संबंध कामानुसार बदलला असे म्हणता येत नाही. ‘म’ ऋण आल्यास पहिल्या कामात तो चढ दुसऱ्या कामातील चढापेक्षा कमी असतो.

‘ब·क’ व ‘प·स’ ही दोन पदे समीकरणातून वगळल्यास त्यांचा परिणाम आंतरक्रियेच्या नावावर जमा होतो आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून ती ठेवणे अनिवार्य मानले जाते.

कार्यपद्धती

विश्लेषणाचे सर्वसाधारण टप्पे असे आहेत.

१. पूर्वतयारी: डोक्याच्या हालचालींची दुरुस्ती केली जाते, सर्व सहभागींच्या प्रतिमा एका प्रमाण नकाशावर आणल्या जातात आणि यंत्र व श्वासोच्छ्वास यांमुळे येणारा गोंगाट कमी केला जातो.

२. बीजक्षेत्राची निवड: हे क्षेत्र पूर्वीच्या संशोधनावरून, शरीररचनेच्या नकाशावरून किंवा त्याच प्रयोगातील सक्रियतेवरून निवडतात. निवडीचे कारण विश्लेषणाआधीच स्पष्ट असणे अपेक्षित असते.

३. मालिका काढणे: बीजक्षेत्रातील व्हॉक्सेलांची प्रातिनिधिक मालिका तयार केली जाते.

४. चेतापेशीय क्रियेचा अंदाज: दोन चलांची आंतरक्रिया चेतापेशींच्या पातळीवर घडते, रक्ताच्या पातळीवर नाही. विलंबाने आलेल्या रक्तप्रतिसादाशी कामाचा चल थेट गुणल्यास वेळेचा मेळ चुकू शकतो. डॅरेन गिटेलमन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावर उपाय सुचवला. रक्तप्रतिसादावरून आधी मूळ क्रियेचा अंदाज घ्यावा, गुणाकार त्या पातळीवर करावा आणि नंतर त्याचे पुन्हा रक्तप्रतिसादात रूपांतर करावे. या उलट्या गणनेला डीकॉन्व्होल्यूशन म्हणतात.

५. गुणाकार व अनुमान: आंतरक्रियेची राशी तयार करून प्रत्येक व्हॉक्सेलसाठी समीकरण सोडवले जाते. प्रथम प्रत्येक सहभागीसाठी व नंतर संपूर्ण गटासाठी अनुमान काढले जाते.

एसपीएम, एफएसएल, एएफएनआय व कॉन या संगणकप्रणालींमध्ये हे विश्लेषण करता येते. एसपीएमच्या मार्गदर्शिकेतील सरावाचे उदाहरण हलत्या ठिपक्यांकडे लक्ष देण्याच्या प्रयोगाचे आहे. दृष्टीच्या प्राथमिक टप्प्यांतील एक भाग आणि गतीची जाणीव करून देणारा भाग यांच्यातील संबंध, ठिपक्यांकडे लक्ष दिल्यावर आणि नुसते पाहिल्यावर, कसा बदलतो हे त्यात तपासले जाते. डोळ्यांसमोरचे दृश्य दोन्ही वेळी तेच असते. बदलते ते केवळ लक्ष.

सामान्यीकृत रूप

मूळ पद्धत दोन स्थितींच्या तुलनेसाठी सोयीची होती. प्रयोगात तीन किंवा अधिक स्थिती असल्यास त्यांना +१, −१ व ० अशी मूल्ये देऊन एकाच चलात बसवावे लागे आणि त्यातून काही अप्रमाणित गृहीतके नकळत आत येत. उदाहरणार्थ, शून्य मूल्य दिलेल्या विश्रांतीतील संबंध इतर दोन कामांतील संबंधांच्या बरोबर मध्ये असतो, असे मानले जाई. डोनाल्ड मॅक्लारेन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या सामान्यीकृत पद्धतीत प्रत्येक स्थितीसाठी वेगळा चल व वेगळी आंतरक्रिया-राशी घेतली जाते. ही पद्धत ‘जीपीपीआय’ या नावाने ओळखली जाते.

शिन डी व भरत बिस्वाल यांनी २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह आणखी एक त्रुटी दाखवली. कामाच्या चलाची सरासरी शून्यावर आणल्याशिवाय गुणाकार केल्यास, डीकॉन्व्होल्यूशनमधील अपुरेपणामुळे प्रत्यक्षात नसलेली आंतरक्रिया दिसू शकते. म्हणून गुणाकारापूर्वी चल मध्यमान करून घेण्याची शिफारस केली जाते.

देवनागरी वाचनाचे उदाहरण

पीपीआयने विचारता येणारा प्रश्न साध्या सक्रियतेच्या प्रश्नाहून कसा वेगळा आहे, हे देवनागरी वाचनाच्या संशोधनावरून समजते. देवनागरीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या उजवीकडे, डावीकडे, वर व खाली अशी चारही बाजूंना येतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात मात्र स्वर व्यंजनानंतर येतो. ‘धर्म’ या शब्दातील रफार ‘म’च्या डोक्यावर असतो, परंतु ‘र्’ चा उच्चार ‘म’च्या आधी होतो. ‘नगर’ हा शब्द डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतो. ‘मुकुट’ वाचताना नजरेला अक्षरांच्या खालची चिन्हेही टिपावी लागतात.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्रात नंदिनी चटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या लिपीच्या वाचनावर एफएमआरआयचे प्रयोग केले. देवनागरी वाचनाविषयीचा त्यांचा एक लेख २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ मधील अभ्यासात हिंदी व इंग्रजी या दोन्ही लिपी वाचणाऱ्या प्रौढांची तुलना होती. वयाच्या पाचव्या वर्षी दोन्ही लिपी एकदम शिकलेल्या १४ व्यक्तींमध्ये इंग्रजी वाचताना डाव्या शंखखंडाचा खालचा भाग, तर हिंदी वाचताना डाव्या पार्श्वखंडाचा खालचा भाग तुलनेने अधिक सक्रिय आढळला. हिंदी पाचव्या व इंग्रजी दहाव्या वर्षी शिकलेल्या १० व्यक्तींमध्ये मात्र दोन्ही भाषांसाठी पार्श्वखंडाचाच वापर अधिक दिसला. अक्षरावरून थेट उच्चार मिळणाऱ्या लिपीत अक्षर-ध्वनी जुळवणीचा मार्ग, तर इंग्रजीसारख्या लिपीत संपूर्ण शब्द ओळखण्याचा मार्ग अधिक वापरला जातो, या विचाराशी हे निष्कर्ष सुसंगत आहेत. शब्दाच्या दृश्य गुंतागुंतीचा वाचनाच्या वेळच्या मेंदूक्रियेवर होणारा परिणाम चैत्रा राव व नंदिनी सिंग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात तपासला.

वरील निष्कर्ष प्रामुख्याने सक्रियतेचे आहेत. ‘मुकुट’सारख्या शब्दासाठी दृष्टीचा भाग व पार्श्वखंड दोन्ही अधिक सक्रिय झाले, एवढ्यावरून त्या दोहोंमधील देवाणघेवाण वाढली असे ठरत नाही. तो प्रश्न पीपीआयचा आहे. त्यासाठी शब्द ओळखण्याशी संबंधित भाग बीजक्षेत्र म्हणून घ्यावा लागेल आणि ‘नगर’ व ‘मुकुट’ या प्रकारचे शब्द वाचताना त्याचा इतर भागांशी असलेला संबंध बदलतो का, हे तपासावे लागेल. दोन्ही गटांतील शब्द लांबी व परिचितता यांबाबत समान असणे आवश्यक राहील. अन्यथा दिसणारा फरक मात्रांचा की अपरिचिततेचा, हे कळणार नाही.

विश्रांती-अवस्थेतील अभ्यास यापासून वेगळा ओळखावा लागतो. मायकेल स्काइडे व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये उत्तर भारतातील निरक्षर प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सहा महिने देवनागरी वाचन-लेखन शिकल्यानंतर त्यांच्या मेंदूतील दृष्टीचे बाह्यभाग आणि थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभातील खोल भाग यांच्यातील संयोजकता वाढलेली आढळली. हे मोजमाप वाचन चालू असताना नव्हे, तर विश्रांतीत घेतलेले होते. शिकण्याने झालेला टिकाऊ बदल त्यातून दिसतो. प्रत्यक्ष वाचनाच्या क्षणी संबंध कसा बदलतो हे त्यातून कळत नाही.

मराठी व हिंदी यांची लिपी एकच असली तरी हे प्रयोग हिंदी वाचकांवर झालेले आहेत. शब्दसंपत्ती, लेखननियम व उच्चारसवयी यांत फरक असल्याने ते निष्कर्ष मराठी वाचकांना जसेच्या तसे लागू होतात, असे गृहीत धरता येत नाही.

अर्थनिर्णय व मर्यादा

दिशेची अनिश्चितता: सार्थ आंतरक्रियेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. बीजक्षेत्राचा दुसऱ्या भागाशी असलेला संबंध कामामुळे बदलला, किंवा दुसऱ्या भागाचा कामाला मिळणारा प्रतिसाद बीजक्षेत्राच्या क्रियेनुसार बदलला. गणित दोन्ही अर्थांना सारखेच लागू पडते. त्यांतून निवड करण्यासाठी शरीररचनेचे ज्ञान किंवा अन्य प्रयोगांचा पुरावा लागतो.

तिसऱ्या भागाचा प्रभाव: दोन भागांतील बदललेला संबंध प्रत्यक्षात तिसऱ्याच भागामुळे निर्माण झालेला असू शकतो. पीपीआय एका वेळी एकाच बीजक्षेत्राचा विचार करते, त्यामुळे ही शक्यता तिच्या कक्षेबाहेर राहते.

अल्प संवेदनशीलता: आंतरक्रियेची राशी कामाच्या चलाशी व बीजक्षेत्राच्या मालिकेशी अंशतः जुळणारी असते. दोन्हींचा वाटा काढून घेतल्यावर उरणारा परिणाम लहान असतो. त्यामुळे परिणाम न आढळणे हा संबंध न बदलल्याचा पुरावा ठरत नाही.

डोक्याची हालचाल: मिलिमीटरहून कमी हालचालींनीही संयोजकतेच्या मोजमापात कृत्रिम नमुने निर्माण होतात, हे २०१२ मध्ये जोनाथन पॉवर व सहकाऱ्यांनी दाखवले. लहान मुले यंत्रात प्रौढांपेक्षा अधिक हलतात. हालचालीचा हिशेब न ठेवता मुले व प्रौढ यांची तुलना केल्यास, चुळबुळीतील फरक मेंदूच्या विकासातील फरक म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो.

अनेक चाचण्या: संपूर्ण मेंदूत हजारो व्हॉक्सेलांची स्वतंत्र चाचणी होते. ५०,००० व्हॉक्सेलांसाठी ५ टक्के चुकीची मुभा ठेवल्यास, काहीही परिणाम नसताना सुमारे २,५०० व्हॉक्सेल केवळ योगायोगाने ‘सार्थ’ दिसतील. क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी मृत सामन माशाला यंत्रात ठेवून, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवून हा धोका जगासमोर आणला. योग्य दुरुस्ती न केल्यास त्या माशाच्या मेंदूतही ‘सक्रियता’ दिसत होती. या प्रयोगाला २०१२ चा इग नोबेल पुरस्कार मिळाला.

संबंधित पद्धती

गतिशील कार्यकारण प्रतिमान: फ्रिस्टन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत. तीत निवडक भागांचे आपसांतील दिशादर्शक प्रभाव आधी गृहीतकांच्या रूपात मांडून त्या गृहीतकांची तुलना करतात. पीपीआय संपूर्ण मेंदू धुंडाळते. ही पद्धत मोजक्या भागांविषयीच्या ठोस गृहीतकांची परीक्षा घेते.

बीटा-मालिका सहसंबंध: जेसी रिसमन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत. तीत प्रत्येक प्रयत्नाचा प्रतिसाद वेगळा काढून त्या प्रतिसादांमधील सहसंबंध पाहतात. अनेक सुटे प्रयत्न असलेल्या प्रयोगांत ती उपयुक्त ठरते.

उपयोग व सार्वजनिक चर्चा

अवधान, स्मृती, भावनांचे नियमन, वेदना, भाषा व वाचन यांच्या अभ्यासात तसेच विविध मानसिक व मज्जासंस्थेच्या विकारांविषयीच्या संशोधनात पीपीआयचा वापर होतो. तिचे निष्कर्ष सामान्यतः गटाच्या सरासरीविषयी असतात. एखाद्या व्यक्तीच्या निदानासाठी ही प्रस्थापित वैद्यकीय चाचणी नाही. वाचनात मागे पडणाऱ्या मुलाची अडचण ओळखण्यासाठी वाचन, लेखन व श्रवण यांची प्रत्यक्ष तपासणीच आवश्यक असते.

मेंदूच्या रंगीत प्रतिमा वाचकावर मोठा प्रभाव टाकतात, म्हणून त्यांच्याविषयीच्या बातम्यांत अर्थाची घसरण सहज होते. एखादी लिपी वाचताना अधिक भाग सक्रिय झाले म्हणजे ती लिपी मेंदूला अधिक तल्लख करते, असा अर्थ होत नाही. सवयीने काम सोपे झाल्यावर सक्रियता घटूही शकते. संयोजकता वाढणे हेही स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. कोणत्या कामात, कोणत्या स्थितीच्या तुलनेत, कोणत्या दोन भागांतील संबंध बदलला आणि त्याचा व्यक्तीच्या प्रत्यक्ष कामगिरीशी मेळ बसला का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच अशा निष्कर्षाला अर्थ येतो.

हेही पाहा

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा
मेंदू
देवनागरी
सहसंबंध
अध्ययन अक्षमता